खोल समुद्र ‘न पाहिलेला’ म्हणजे नेमका किती? आणि खाली अजस्र प्राणी लपलेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : समुद्राचा ९५ टक्के भाग अजून कोणी पाहिलेला नाही असं सगळीकडे वाचायला मिळतं. उपग्रह आहेत, सोनार (ध्वनिलहरींनी खोली मोजणारं यंत्र) आहे, रोबो आहेत, तरी खाली कोण राहतं हे का कळत नाही? आणि मेगालोडॉन या पुरातन शार्कसारखं एखादं महाकाय जनावर तिथे लपलेलं असू शकतं का? तुमची मुलगी रोज हे विचारते आणि तुम्हाला तिला ठाम उत्तर द्यायचंय.

मी सागरी जीवशास्त्रात काम करते. गेली वीस-बावीस वर्षं माझा निम्मा वेळ संशोधन जहाजांवर गेला आणि उरलेला निम्मा त्या जहाजांवरून आणलेल्या चित्रफिती बघण्यात, त्यातला एकेक प्राणी ओळखून नोंदवण्यात. त्या अनुभवावरून सांगते. तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे, की बघायला गेलं की दिसतं. जमिनीवर ते बरंचसं खरं असतं. खोल पाण्यात मात्र तुम्ही कशाने बघता, त्यावर तुम्हाला काय दिसणार हे ठरतं. ही एक गोष्ट पटली की बाकीची उत्तरं सोपी होतात.

आधी तो ९५ टक्क्यांचा आकडा. तळाचा नकाशा असणं आणि तळ डोळ्यांनी पाहिलेला असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपग्रहाच्या रडारला पाण्याच्या आरपार जाता येत नाही, पण समुद्राच्या पृष्ठभागाची उंची त्याला अचूक मोजता येते. तळाशी मोठा डोंगर असेल तर त्याच्या गुरुत्वाकर्षणाने वरच्या पाण्याला किंचित फुगवटा येतो आणि त्यावरून डोंगराचा अंदाज बांधतात. असा ढोबळ नकाशा अख्ख्या समुद्राचा आहे, पण त्यात काही किलोमीटरपेक्षा लहान गोष्ट दिसत नाही. जहाजावरच्या सोनारने केलेला नीट नकाशा २०२५ पर्यंत तळाच्या साधारण २७ टक्के भागाचा झाला होता. आणि प्रत्यक्ष पाहिलेला तळ किती? १९५८ पासूनच्या सुमारे ४४ हजार बुड्यांच्या नोंदी गोळा करून २०२५ मध्ये एक हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात २०० मीटरच्या खालच्या तळापैकी ०.००१ टक्क्यापेक्षाही कमी भाग माणसाने किंवा कॅमेऱ्याने पाहिल्याचं निघालं. हा खोल तळ पृथ्वीच्या पृष्ठभागाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग व्यापतो. शिवाय त्यातली ६५ टक्क्यांहून जास्त निरीक्षणं अमेरिका, जपान आणि न्यूझीलंड या तीनच देशांच्या किनाऱ्यांपासून २०० सागरी मैलांच्या आतली. म्हणजे ‘९५ टक्के अज्ञात’ हा आकडा नकाशाबद्दल म्हटला तर जास्त आहे आणि डोळ्यांनी बघण्याबद्दल म्हटला तर फारच कमी.

हे इतकं कमी का, ते एका दिवसाच्या कामावरून कळेल. आमची दूरनियंत्रित पाणबुडी, जिला आम्ही नुसतं आरओव्ही म्हणतो, मिनिटाला साधारण ३० मीटर वेगाने उतरते. ३००० मीटरवर पोहोचायला दीड तासाहून जास्त वेळ लागतो. खाली गेल्यावर तिच्या दिव्यांचा उजेड काही मीटरच पोहोचतो. त्या उजेडात अगदी हळू, दर थोड्या अंतराने थांबत पुढे सरकायचं. दिवसभरात पाच-सहा मीटर रुंदीची, एक-दोन किलोमीटर लांबीची पट्टी पाहून होते. एखाद्या खंडावर काळ्याकुट्ट रात्री विजेरी घेऊन एक पायवाट चालून यावं आणि त्यावरून तिथल्या जंगलांबद्दल बोलावं, तसं हे आहे. आणि हे झालं नुसत्या तळाचं. समुद्राची सरासरी खोली ३७०० मीटरच्या आसपास आहे. तळ आणि पृष्ठभाग यांच्या मधलं पाणी हेच पृथ्वीवरचं सगळ्यात मोठं घर, आणि तिथे राहणारे बहुतेक प्राणी जन्मापासून मरेपर्यंत कशालाही टेकत नाहीत. ते पाण्याबरोबर सरकत राहतात. काल जिथे दिसले तिथे आज गेलात तर फक्त पाणी मिळतं.

आता कशाने बघतो त्याकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ खोल समुद्राबद्दलचं आपलं ज्ञान जाळ्यातून आलं. जाळ्यात टणक प्राणी टिकतात आणि मऊ प्राण्यांचा लगदा होतो. मॅक्रोपिना नावाच्या माशाचं वर्णन १९३९ मध्ये झालं. नळीसारखे हिरवे डोळे, कायम वर बघणारे. असा मासा आपल्या तोंडासमोरचं अन्न कसा पकडत असेल, हे कोडं होतं. पुढे कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीच्या संशोधकांनी आरओव्हीच्या कॅमेऱ्याने तो जिवंत पाहिला, तेव्हा त्याच्या डोक्यावर एक पारदर्शक, द्रवाने भरलेला घुमट दिसला. डोळे त्या घुमटाच्या आत होते आणि ते पुढे फिरवता येत होते. हा घुमट कुठल्याच जुन्या वर्णनात नव्हता, कारण जाळ्यातून वर येताना तो दर वेळी फाटून जायचा. जवळजवळ सत्तर वर्षं हा मासा आपल्याकडे होता आणि अर्धं डोकं नसलेला होता.

संख्येच्या बाबतीतही तसंच. मधल्या थरातल्या माशांचं जगभरातलं एकूण वजन जाळ्यांवरून साधारण १०० कोटी टन धरलं जायचं. ध्वनिलहरींनी मोजल्यावर २०१४ मध्ये तो अंदाज दहापट किंवा त्याहून जास्त निघाला. कारण साधं आहे : मासे जाळं येताना ओळखतात आणि बाजूला होतात. तसे हे मासे दुसऱ्या महायुद्धातच सापडले होते, पण ओळखू आले नव्हते. तेव्हाच्या सोनारवर ३०० ते ५०० मीटरवर तळासारखी एक रेघ दिसायची आणि गंमत म्हणजे हा तळ रात्री वर यायचा. ती रेघ म्हणजे मासे, माकूळ, कोळंबीसारखे जीव यांचा प्रचंड थर. अंधार पडला की खायला वर येणारा, उजाडताना परत खाली जाणारा. वजनाने पाहिलं तर पृथ्वीवरचं सगळ्यात मोठं स्थलांतर हे आहे आणि ते रोज होतं. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा. रात्री ती झोपायला जाते तेव्हा अख्ख्या जगाच्या समुद्रात हे सुरू झालेलं असतं.

मग जाळं नको, कॅमेरा वापरू. पण कॅमेऱ्याला उजेड लागतो, आणि ज्या डोळ्यांनी आयुष्यभर फक्त काजव्याएवढा प्रकाश पाहिला, त्यांच्यासाठी आमचे दिवे म्हणजे भयंकर गोष्ट. महाकाय माकूळ अनेक दशकं मेलेलं किंवा मरणोन्मुखच सापडत राहिलं. जपानी संशोधक त्सुनेमी कुबोडेरा यांना २००४ मध्ये त्याची जिवंत छायाचित्रं मिळाली, आणि खोल पाण्यातली चित्रफीत मिळाली २०१२ मध्ये. त्या मोहिमेत सागरी जीवशास्त्रज्ञ एडिथ विडर यांनी मोटरचा आवाज टाळला, पांढरे दिवे बंद ठेवले आणि फार थोड्या खोल प्राण्यांना दिसणारा लाल प्रकाश वापरला. आमिष म्हणून त्यांनी निळ्या दिव्यांचं एक वर्तुळ लावलं होतं. एक जेलीफिश शिकाऱ्याच्या तावडीत सापडली की असे दिवे फिरवते, त्याची ती नक्कल. ते माकूळ तिथे आधीही होतंच. आपण त्याच्या भाषेत बोलत नव्हतो.

मला स्वतःला हे एका रात्रीच्या पाळीत उमगलं. साधारण ८०० मीटरवर आमचा एक दिवा बिघडला म्हणून चालकाने बाकीचेही बंद केले आणि संवेदनशील कॅमेरा चालूच राहिला. जे पाणी तासभर आम्हाला रिकामं वाटत होतं, त्यात पडद्यावर निळ्या ठिणग्या उमटायला लागल्या. आरओव्हीला काही घासलं की एक लकेर, दूर कुठे एक मोठा झगमगाट, मग पुन्हा काळोख. खोलीतलं कोणीही बोललं नाही. नंतर २०१७ मध्ये मॉन्टेरीच्या १७ वर्षांच्या चित्रफिती मोजून निष्कर्ष आला, की मधल्या पाण्यात दिसलेल्या प्राण्यांपैकी ७६ टक्क्यांना स्वतःचा प्रकाश निर्माण करता येतो. आकडा वाचल्यावर मला ती रात्रच आठवली.

तिसरी अडचण दाबाची. दर १० मीटरला एक वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेइतका, दाब वाढतो, म्हणजे ८००० मीटरवर सुमारे ८०० वातावरणं. प्राणी चिरडत कसे नाहीत, तर पाणी फारसं दाबलं जात नाही आणि त्यांची शरीरं बहुतेक पाण्याचीच असतात. चिरडते ती हवेची पोकळी, आणि ती बऱ्याच खोल माशांना नसतेच. खरी ओढाताण त्याहून सूक्ष्म पातळीवर होते. दाबाखाली प्रथिनांचा आकार बिघडतो. त्यावर उपाय म्हणून मासे पेशींमध्ये टीएमएओ नावाचा एक रेणू साठवतात. मासळीचा जो विशिष्ट वास असतो, तो याच रेणूच्या विघटनातून येतो. जितकं खोल, तितका तो जास्त लागतो. पण त्यालाही मर्यादा आहे. साधारण ८२०० ते ८४०० मीटरच्या पुढे तो इतका साठवावा लागेल, की शरीरातला द्रव समुद्राच्या पाण्यापेक्षा दाट होईल आणि बाहेरचं पाणी आत शिरू लागेल. २०१४ मध्ये हा हिशेब मांडला गेला. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत ८३३६ मीटरवर एका गोगलमाशाची, म्हणजे स्नेलफिशची, चित्रफीत मिळाली. आजवर पाहिलेला सगळ्यात खोल मासा तो, आणि तो बरोबर त्या हद्दीवर आहे. जीवशास्त्रात असं भाकीत इतकं नेमकं खरं ठरलं की मला मनापासून आनंद होतो.

१९६० मध्ये जॅक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’ या पाणबुडीतून मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ १०,९०० मीटरवर उतरले. खिडकीतून एक चपटा मासा दिसल्याचं त्यांनी सांगितलं. आज बहुतेक शास्त्रज्ञांना वाटतं, की ती समुद्रकाकडीसारखी एखादी गोष्ट असावी. लहानशा खिडकीतून, गढूळलेल्या पाण्यात कोणालाही तसं वाटू शकतं. प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेलंही किती जपून वापरायचं, हे मी नव्या विद्यार्थ्यांना याच उदाहरणावरून सांगते.

दाबाची उलटी बाजूही आहे. आम्ही एकदा एक सुंदर टीनोफोर, म्हणजे जेलीसारखा दिसणारा पण वेगळ्या वंशाचा प्राणी, आरओव्हीच्या पेटीत अलगद बंद करून वर आणला. झाकण उघडलं तेव्हा पेटीत किंचित गढूळ पाणी होतं, बाकी काही नाही. त्याचं कारण २०२४ मध्ये नीट समजलं : खोल पाण्यातल्या टीनोफोरच्या पेशींचं आवरण अशा स्निग्ध रेणूंचं असतं, की दाब असेल तरच ते आकार धरतं. दाब काढला की प्राणी अक्षरशः विस्कटतो. ‘जगातला सगळ्यात कुरूप प्राणी’ म्हणून ज्याचा फोटो फिरतो तो ब्लॉबफिशही असाच. त्याच्या घरी तो साधा, मोठ्या डोक्याचा मासा असतो. फोटोतला गुलाबी गोळा म्हणजे वर ओढल्यामुळे झालेली इजा आहे. तुमच्या मुलीने तो फोटो पाहिला असेल तर तिला हे सांगा, कारण त्या प्राण्यावर अन्याय झालाय असं मला खरंच वाटतं.

आणि एवढं सगळं जमून प्राणी हातात आला, तरी तो कोण हे कळेलच असं नाही. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण माशांच्या तीन कुळांचं आहे. टेपटेल, पृष्ठभागाजवळचे, लांबलचक शेपटीचे लहान मासे. बिगनोज, खोलवरचे, मोठ्या नाकपुड्यांचे. आणि व्हेलफिश, त्याही खोलवरचे, प्रचंड जबड्याचे. अनेक दशकं ही तीन वेगळी कुळं मानली जात होती. एक गोष्ट मात्र खटकत होती : सगळे टेपटेल अल्पवयीन, सगळे बिगनोज नर, सगळे व्हेलफिश मादी. डीएनएने शंका निर्माण केली, मग अर्धवट बदललेले नमुने सापडले आणि २००९ मध्ये निकाल लागला. हे एकच कूळ आहे. पिल्लं वर राहतात आणि मोठी होताना खाली जातात. नराचा तर जठरासकट अन्नमार्गच जातो. लहानपणी जे खाल्लं ते यकृतात साठवून त्यावर तो उरलेलं आयुष्य काढतो. तीन कपाटांतल्या तीन लेबलांच्या बाटल्या, आणि आत आई, बाप, मूल.

तर आतापर्यंतचं थोडक्यात : जाळं मऊ प्राणी फाडतं, उजेड लाजऱ्या प्राण्यांना पळवतो, दाब निघाला की काही प्राणी उरतच नाहीत, आणि जे उरतात त्यांची ओळख पटायला शतक लागू शकतं. यंत्रं असून कळत का नाही, याचं उत्तर हे.

आता अजस्र प्राण्यांकडे. आपण कुठल्या खोलीबद्दल आणि कुठल्या प्रकारच्या प्राण्याबद्दल बोलतो, यावर उत्तर अवलंबून आहे. मेगालोडॉन नाही, हे मी ठामपणे सांगते. तो सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी संपला. शार्क आयुष्यात हजारो दात गाळतात आणि त्याचे हाताच्या पंजाएवढे दात त्यानंतरच्या काळातल्या थरांत मिळत नाहीत. त्याचं शरीर आसपासच्या पाण्यापेक्षा गरम असायचं, म्हणजे भूकही मोठी. तो उबदार पाण्यात देवमाशांसारख्या सस्तन प्राण्यांची शिकार करायचा, आणि त्यांना श्वासासाठी वर यावंच लागतं. खोल समुद्रात त्याचं पोटच भरलं नसतं. वर तयार होणाऱ्या अन्नातला जेमतेम एक-दोन टक्के भाग ४००० मीटरपर्यंत झिरपतो, तोही मृत कणांच्या रूपात, ज्याला आम्ही सागरी हिम म्हणतो. इतक्या तुटपुंज्या अन्नावर चपळ, गरम रक्ताचा राक्षस जगत नाही. १९९७ मध्ये पाण्याखालच्या मायक्रोफोनवर टिपलेला ‘ब्लूप’ नावाचा आवाजही कुठल्या प्राण्याचा नव्हता. तो बर्फाच्या प्रचंड तुकड्यांना तडे जाण्याचा होता.

पण मोठा, मंद आणि काटकसरी प्राणी? हो, त्याला जागा आहे. मेगामाउथ हा साडेचार मीटरचा शार्क १९७६ पर्यंत विज्ञानाला माहीतच नव्हता. हवाईजवळ तो एका नौदलाच्या जहाजाच्या सागरी नांगरात, म्हणजे पाण्यात पॅराशूटसारख्या उघडणाऱ्या कापडात, योगायोगाने अडकला. प्रचंड माकुळाचं, म्हणजे कोलॉसल स्क्विडचं वर्णन १९२५ मध्ये झालं, तेही देवमाशाच्या पोटात मिळालेल्या बाहूंवरून. त्याच्या स्वतःच्या खोलीवर, जिवंत असं ते पहिल्यांदा कॅमेऱ्यात आलं २०२५ च्या मार्चमध्ये, साउथ सँडविच बेटांजवळ ६०० मीटरवर. मधे शंभर वर्षं गेली. पूर्ण वाढ झालेलं हे माकूळ अर्ध्या टनापर्यंत जातं. कॅमेऱ्याला सापडलं ते ३० सेंटिमीटरचं, काचेसारखं पिल्लू होतं. आणि २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला एक सायफनोफोर दिसला, हजारो लहान जिवांची मिळून बनलेली एक दोरी. त्याचं नुसतं बाहेरचं वेटोळं सुमारे ४७ मीटरचं होतं. त्यामुळे पैज लावायची तर मी मऊ, पारदर्शक, तरंगणाऱ्या प्राण्यांवर लावेन. ते आपल्या जाळ्यांना कधीच सापडले नसते.

तरी मला वाटतं, आकाराचं कुतूहल थोडं बाजूला ठेवायला हवं, कारण खरे धक्के आकारात नव्हते. १९७७ मध्ये गालापागोसजवळ २५०० मीटरवर ‘ॲल्विन’ या पाणबुडीतून उतरलेले लोक भूगर्भशास्त्रज्ञ होते. गरम पाण्याचे झरे शोधायला गेलेले, एकही जीवशास्त्रज्ञ बरोबर नाही. झऱ्यांभोवती त्यांना शिंपल्यांची आणि लाल तुऱ्यांच्या उंच नळीकृमींची गर्दी दिसली. नमुने टिकवायला पुरेसं रसायन जहाजावर नव्हतं, म्हणून काही व्होडकात ठेवावे लागले. त्या कृमींना तोंड नव्हतं, आतडं नव्हतं. त्यांच्या शरीरात जिवाणू राहतात आणि ते सडक्या अंड्याच्या वासाच्या हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवून अन्न बनवतात, असा खुलासा १९८१ मध्ये जीवशास्त्रज्ञ कॉलीन कॅव्हनॉ यांनी केला. थेट सूर्यावर न चालणारं अख्खं स्वयंपाकघर. तोपर्यंत पाठ्यपुस्तकांत असं काही नव्हतं.

शेवटी आणखी एक अडचण सांगते, वेळेची. आपला कॅमेरा कुठल्याही जागी जातो तो बहुधा एकदाच. मॉन्टेरी कॅन्यनमध्ये जवळजवळ १४०० मीटरवर संशोधक २००७ मध्ये एका खडकापाशी पुन्हा गेले, तेव्हा तिथे एक ऑक्टोपस मादी अंड्यांवर बसलेली होती. अंगावरच्या खुणांवरून ती ओळखता येत होती. पुढच्या साडेचार वर्षांत ते १८ वेळा गेले. दर वेळी ती तिथेच, त्याच अंड्यांवर, बाहूंनी त्यांना झाकून. जवळून खेकडे गेले तरी तिला एकदाही काही खाताना पाहिलं गेलं नाही. तिची कातडी फिकी पडत गेली, डोळे ढगाळ झाले. ५३ महिने. कुठल्याही प्राण्यात अंडी राखण्याचा इतका मोठा काळ नोंदलेला नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये आरओव्ही पुन्हा त्या खडकापाशी गेली तेव्हा ती नव्हती, आणि खडकाला फाटलेल्या, रिकाम्या अंड्यांची टरफलं चिकटलेली होती.